दोन ते चारची ड्युटी

सिस्टरना कुणी विचारलं, "दुपारी काय करता हो?" तर त्या गेम खेळते असं कधी सांगायच्या नाहीत. "दोन ते चार ड्युटी असते," म्हणायच्या. ऐकणाऱ्याला वाटायचं, रिटायर झाल्यावर बाईंनी कुठलं तरी छोटं नर्सिंग होम धरलंय. सिस्टर तो गैरसमज तसाच राहू द्यायच्या, कारण त्यांच्या मते तो गैरसमज नव्हताच.

मी परळला त्यांच्याकडे पेइंग गेस्ट म्हणून राहायला गेले तेव्हा त्यांना रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती. चाळीतली दोन खोल्यांची जागा, वडील गिरणीत होते तेव्हापासूनची. आईवडील गेले, भाऊ मालवणकडे गावी परतला, सिस्टर इथेच राहिल्या. लग्न का केलं नाहीत, असं मी एकदाच विचारलं. "ड्युट्या जुळल्या नाहीत," एवढंच उत्तर मिळालं. जवळच्याच एका मोठ्या हॉस्पिटलात त्यांनी सगळी नोकरी काढली होती. शेवटची कितीतरी वर्षं त्या नऊ नंबरच्या वॉर्डाच्या इन्चार्ज होत्या, आणि रिटायर झाल्या तरी वॉर्ड काही त्यांच्यातून गेला नव्हता. पाण्याचा ग्लास त्या झाकल्याशिवाय ठेवायच्या नाहीत. चादरीचे कोपरे असे दुमडायच्या की त्यात पाय घालायला ताकद लागायची. आणि गाऊनवर छातीशी, उलटं लटकणारं, पिनेचं घड्याळ.

गेम त्यांच्या घरात मी आणला. मला वडाळ्याला एका कंपनीत सकाळी सहा ते एक अशी पाळी होती. दुपारी घरी आलं की जेवायचं आणि लॅपटॉप उघडायचा. तो ऑनलाइन गेम होता, जगभरातली हजारो माणसं एकाच वेळी खेळणारी. प्रत्येकाचं एक कॅरेक्टर. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी जखमींना बरं करणारा वैद्य. टोळ्या करून राक्षसांशी लढायचं, हळूहळू मोठं व्हायचं. आमची टोळी चाळीस जणांची होती, बहुतेक मराठी आणि हिंदी बोलणारे. मी तलवार चालवायचे.

सिस्टर सुरुवातीला माझ्या पाठीमागे उभ्या राहून बघायच्या, राउंडला आल्यासारख्या. आठ-दहा दिवस काही बोलल्या नाहीत. मग एका दुपारी म्हणाल्या, "तुमचा तो डॉक्टर कोण आहे?"

"डॉक्टर नाही, वैद्य. नागपूरचा आहे कुणीतरी."

"त्याला अक्कल नाही. जो बोंबलतो त्याच्याकडे धावतो. बोंबलणाऱ्याच्या अंगात जोर असतो गो. तो कोपऱ्यातला बघ, एक शब्द बोलला नाही. तो जाणार."

कोपऱ्यातला खरंच मेला. पाठोपाठ आम्ही सगळे मेलो.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, स्पिरिटच्या बोळ्याने कीबोर्ड पुसला आणि खुर्चीत ताठ बसून म्हणाल्या, "मला एक ॲडमिशन दे." मी त्यांना वैद्याचं कॅरेक्टर काढून दिलं. महिनाभरात त्यांनी दादरहून स्वतःचा लॅपटॉप आणला. चार महिन्यांत त्या टोळीच्या मुख्य वैद्य झाल्या आणि वर्षभरात टोळीच्या प्रमुख. निवडणूक वगैरे झाली नाही. वॉर्डात सिस्टर आल्या की बाकीचे आपोआप नीट उभे राहतात, तसं झालं.

टोळीतल्या कुणालाही त्या नावाने हाक मारायच्या नाहीत. लोकांनी स्वतःला भयंकर नावं दिलेली असायची, काळ आणि वज्र आणि मृत्यू असली. सिस्टरनी सगळ्यांना बेड नंबर दिले. मी बेड दोन. नागपूरचा तो जुना वैद्य आता ढाल घेऊन पुढे उभा राहायचा, तो बेड चार. पहिल्यांदा तो रागावला. मग एकदा त्याला खोकला झालेला सिस्टरनी माईकवर ऐकला आणि लढाई थांबवून विचारलं, "बेड चार, किती दिवस झाले? कफ कुठल्या रंगाचा?" दहा-बारा माणसं तलवारी घेऊन उभी, समोर राक्षस, आणि नागपूरचा माणूस कफाचा रंग सांगतोय. त्याने डॉक्टर गाठला तेव्हा न्यूमोनिया निघाला. त्यानंतर बेड नंबरबद्दल कुणी तक्रार केली नाही.

कुणी माईकवर शिवी दिली तर त्या त्याला ओरडायच्या नाहीत. "जेवलास का?" असं विचारायच्या. शिवी देणारा बहुतेक वेळा जेवलेला नसायचा.

चार वाजता त्या उठायच्या, मग लढाई कुठेही असो. एकदा जिंकायला दोन मिनिटं उरली होती आणि मी हातापाया पडले. त्या म्हणाल्या, "चारनंतर माझी जबाबदारी नाही. आणि जबाबदारी नसताना पेशंटला हात लावायचा नाही." रात्री खेळायला तर त्यांची सक्त बंदी. कुणी रात्री खेळल्याचं त्यांना कळलं तर दुसऱ्या दिवशी त्याला लढाईवर न्यायच्या नाहीत, झोप पुरी करून ये म्हणायच्या.

दोनच्या सुमाराला मासळीवाली मावशी यायची. ती भाऊच्या धक्क्यावरून माल उचलून चाळी फिरायची आणि सिस्टरच्या दारात शेवटची टेकायची. सिस्टर हेडफोन लावून बसलेल्या असल्या की ती पाटी खाली ठेवून पडद्याकडे बघत बसायची.

"कोण मेला काय?"

"अजून नाही."

"मंग बांगडं घेतेस, का ते मरंपरत थांबू?"

सिस्टर डाव्या हाताने तीन बोटं दाखवायच्या, मावशी तीन बांगडे ताटलीत ठेवून जायची.

सिस्टरकडे एक जाडजूड, कापडी पुठ्ठ्याची वही होती. चार वाजता लॅपटॉप मिटला की त्या चहा टाकायच्या आणि वही घ्यायच्या. प्रत्येक बेडची नोंद. हॉस्पिटलात ड्युटी बदलताना जाणारी नर्स येणारीला एकेका पेशंटपाशी उभं राहून सगळं सांगते, त्याला त्या लोकांत 'ओव्हर देणं' म्हणतात. सिस्टर कुणी चार दिवस गावाला जाऊन आलं तरी त्याला ओव्हर द्यायच्या. काय झालं, कोण कुठे अडकलंय, तुझी तलवार कुणाला वापरायला दिली होती. "माणूस परत आल्यावर त्याला काही माहीत नसणं म्हणजे आपली चूक," असं त्यांचं म्हणणं.

आमचं बिनसलं ते ह्या वहीवरूनच.

टोळीत चाळीसच जण बसायचे. त्यातले एकोणीस जण कित्येक महिने फिरकले नव्हते. कुणाचं लग्न झालं होतं, कुणाची परीक्षा, कुणाचं काहीच माहीत नव्हतं. बाहेर चांगले खेळाडू आत यायला तयार होते. टोळ्यांची मोठी स्पर्धा लागली होती आणि ह्या संख्येत आम्ही तिथे उभे राहू शकत नव्हतो. बाकी सगळ्या टोळ्या तीन महिने न आलेल्याला काढून टाकायच्या. मी सगळ्यांशी बोलले, बहुतेकांना पटलं, आणि एका शनिवारी दुपारी माईकवर विषय काढला. सिस्टर आणि मी एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून बसलेल्या.

"डिस्चार्ज झालाय का त्यांचा?" सिस्टरनी विचारलं.

"नाही, पण ते येत नाहीयेत."

"येत नाहीत म्हणजे रजेवर आहेत. रजेवरच्या माणसाचा बेड देता येत नाही."

बेड चार म्हणाला, "सिस्टर, एकोणीस जण आहेत हो."

"मोजता येतं मला."

तेव्हा मी जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, "सिस्टर, हा गेम आहे. हा वॉर्ड नाही. तुमची ड्युटी संपून पाच वर्षं झाली, हे तुम्हाला कुणीतरी सांगायला पाहिजे."

माईक चालू होता. सगळ्यांनी ऐकलं. सिस्टरनी हेडफोन काढून वायर नीट गुंडाळली. मग उठून मोरीत गेल्या आणि धुतलेलेच पेले पुन्हा धुवायला लागल्या. तीन वाजायलाही अवकाश होता. दोन ते चारच्या मध्ये त्या उठल्या, असं मी पहिल्यांदा बघितलं.

संध्याकाळी त्यांनी मला नेहमीसारखं वाढलं. त्याबद्दल एक शब्द काढला नाही, आणि मीही काढला नाही. त्या आठवड्यात अकरा जण टोळी सोडून दुसरीकडे गेले. मी गेले नाही, पण गेम उघडणंच बंद केलं. दोन महिन्यांनी मला पुण्याला नोकरी लागली. बॅगा भरल्या तेव्हा सिस्टर दारात उभ्या होत्या.

"रजा किती दिवसांची?"

"रजा नाही सिस्टर, सोडूनच चाललेय."

"बरं," म्हणाल्या, आणि माझ्या बॅगेची अर्धवट राहिलेली चेन ओढून दिली.

त्यानंतर सात वर्षं मी त्यांना फोन केला नाही. आधी राग होता, मग लाज वाटायला लागली, मग इतके दिवस झाले की कुठल्या तोंडाने करायचा हे कळेना. पुण्यात लग्न झालं, ते चार वर्षांत संपलं. मग पाठीचा मणका सरकला आणि डॉक्टरांनी सहा आठवडे झोपून राहायला सांगितलं. त्या सहा आठवड्यांत कधीतरी, छताकडे बघून बघून कंटाळा आल्यावर, मी पोटावर लॅपटॉप ठेवून तो गेम पुन्हा उतरवला. पासवर्ड बोटांनाच आठवत होता.

माझी योद्धी सोडली होती तिथेच उभी होती, एका पुलावर. फक्त पूल वेगळा होता. मी गेले तेव्हा लाकडी होता, आता दगडी. पलीकडचं शहर जळून गेलं होतं आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. माझी जी तलवार मिळवायला मी तीन महिने घातले होते ती आता दुकानदार भंगारात घेत होता. मी रस्त्यावर दहा पावलं टाकली तर एका डुकराने मला मारलं. कुणीतरी अनोळखी खेळाडू थांबला, मला नवखी समजला आणि दोन औषधाच्या बाटल्या हातात देऊन गेला. सगळे बोलत होते त्यातले निम्मे शब्द मला कळत नव्हते. बंद करणार तेवढ्यात डाव्या कोपऱ्यात माझ्या नावाखाली टोळीचं नाव दिसलं. आमच्याच टोळीचं. मी अजून आत होते. "कुणी आहे का?" एवढंच मी कसंबसं टाईप केलं.

घड्याळात दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. पडद्यावर एक ओळ उमटली.

"बेड दोन, आलीस? पाठीवर झोपून टाईप करू नको, मान धरेल."

मी पाठीवर झोपलेय हे त्यांना कसं कळलं, ते मी नंतर विचारलं. त्या म्हणाल्या, "सात वर्षांनी माणूस दुपारी दोन वाजता खेळायला येतं म्हणजे आजारीच असणार. आणि स्पेलिंग सगळी चुकत होतीस." त्या वेळी मात्र मी एवढंच लिहिलं, की मला काहीच कळत नाहीये, सगळं बदललंय. उत्तर आलं, "ओव्हर टाईप करून देत नाहीत. चालायला लागलीस की घरी ये."

दोन महिन्यांनी, कमरेला पट्टा बांधून, मी परळला गेले. तिथेही तीच गत. चाळ नव्हती. चाळीच्या जागी दोन बिल्डिंगा, एक उंच आणि चकचकीत विकत घेणाऱ्यांची, आणि तिच्या सावलीत दुसरी जुन्या भाडेकरूंची. कोपऱ्यावरची मसाला कुटायची गिरणी, तो डंख, गेला होता. मी गेटवर उभी राहून वॉचमनला नाव सांगितलं तर त्याने विचारलं, "दो नंबर बिल्डिंगवाली सिस्टर? चौदा माळा."

दार त्यांनीच उघडलं. बारीक झाल्या होत्या. घड्याळ तिथेच होतं, पिनेवर. माझ्या चेहऱ्याकडे न बघता, माझ्या कानाच्या जरा बाजूला बघत म्हणाल्या, "पट्टा फार आवळलायस. श्वास तोकडा येतोय तुझा."

मग चहा झाला आणि वही आली. ती एकच नव्हती, पाच झाल्या होत्या. सिस्टरनी त्या माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाल्या, "तूच वाच. मी सांगते तिथे थांब."

मी वाचायला लागले. दगडी पूल कधी झाला, शहर कुणी जाळलं. आणि त्याच ओळींत, त्याच अक्षरात: बेड अकराचे वडील गेले. बेड सहाला मुलगी झाली, वजन कमी, काचेत ठेवलीय. बेड चारने बायकोशी भांडून जेवण सोडलंय, समजावलं. टोळी सोडून गेलेल्या अकरापैकी सात जण एकेक करून परत आले होते. न येणाऱ्या एकोणीसपैकी पाच. प्रत्येकाला कुठल्या तारखेला ओव्हर दिला ते लिहिलं होतं. माझं नाव दर महिन्याच्या पहिल्या पानावर होतं. बेड दोन. रजेवर.

अक्षर मात्र वहीगणिक मोठं होत गेलं होतं. पाचव्या वहीत एका पानावर चारच ओळी मावत होत्या, त्याही एकमेकींवर चढलेल्या. शेवटची काही पानं वाचताच येईनात.

"सिस्टर," मी म्हणाले, "तुम्हाला दिसत नाहीये."

"कडेचं थोडं दिसतं, अक्षर मोठं केलं तर एखादी ओळ वाचता येते. मधलं गेलं. डोळ्याचा पडदा झिजतो, वयाने होतं, उपाय नाही," त्या दुसऱ्या कुणाचा रिपोर्ट सांगितल्यासारख्या म्हणाल्या.

"मग खेळता कशा?"

"दोन वाजले की बघ."

दोन वाजता त्यांनी हात धुतले आणि बसल्या. लढाई सुरू झाली आणि मी कधी ऐकली नव्हती अशी गोष्ट ऐकली. माईकवर एकेक जण शांत आवाजात स्वतःचा जीव शंभरात किती उरलाय ते सांगत होता. "बेड चार, सत्तर." "बेड अकरा, पंचावन्न, डावीकडे." "बेड सहा, तीस, सिस्टर." कुणी ओरडत नव्हतं, कुणी गप्पही नव्हतं. सिस्टर डोळे मिटून ऐकत होत्या आणि बोटं चालत होती. कुणीही मेलं नाही. मला नंतर बेड चारने सांगितलं, की सिस्टरनी कुणाला काही सांगितलंच नव्हतं. एकदा दोन जण ओळीने मेले तेव्हा टोळीच्या लक्षात आलं, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांनी बोलायला सुरुवात केली.

चार वाजता मी म्हणाले, "त्या दिवशी मी जे बोलले..."

"ते खरंच होतं," सिस्टर म्हणाल्या. "ड्युटी संपलीच होती माझी. म्हणून तर एवढं लागलं." मग म्हणाल्या, "वॉर्डात एकदा एका म्हाताऱ्याला एक्स-रेचा फोटो काढायला खाली पाठवला होता. इकडे एक सिरियस केस आली. मी त्याचा बेड दिला. तो वर आला, बेडवर दुसरं माणूस बघितलं आणि बाहेर बाकावर जाऊन बसला. संध्याकाळपर्यंत बसून राहिला. कुणाला विचारलं नाही, काही नाही. मी चार वेळा तरी त्याच्यासमोरून गेले असेन."

"मग?"

"मग बेड मिळाला त्याला. बराही झाला. घरी जाताना मला नमस्कार करून गेला." त्यांनी वह्या एकावर एक रचल्या. "तो नमस्कार मला पचला नाही गो."

त्यानंतर दीड वर्ष मी दर महिन्याला पुण्याहून परळला जात होते. सिस्टर सांगायच्या, मी वहीत लिहायचे. मग भाऊ त्यांना गावी न्यायला आला. एकटीने चौदाव्या मजल्यावर राहणं आता शक्य नव्हतं, आणि गावच्या घरात मोबाईललाही रेंज नव्हती. त्या गेल्या, आणि पुढच्याच वर्षी, गणपतीच्या आधी, झोपेतच गेल्या. भावाने दोन दिवसांनी कळवलं. त्याचं दुःख मी करायचं तेवढं केलं. पण सिस्टर म्हटलं की मला ती बातमी आठवत नाही, त्यांची परळमधली शेवटची दुपार आठवते.

सामान बांधून झालं होतं, फक्त लॅपटॉप उरला होता. रजेवरचे धरून टोळीतले एकूण एक जण आले होते. लोकांना वाटलं सिस्टर चार शब्द बोलतील. त्या म्हणाल्या, "आज लढाई नको. मला समुद्रावर न्या."

त्या जगात दक्षिणेला एक समुद्र आहे. तिथे राक्षस नाहीत, बक्षीस नाही, म्हणून कुणी जात नाही. जायचं तर घोड्यावरून पाच मिनिटं लागतात. पण सिस्टरना घोडा आवरला नसता, म्हणून आम्ही सगळे चालत निघालो. माझी योद्धी पुढे आणि सिस्टरची वैद्य तिच्या मागे मागे. मी माझा लॅपटॉप घेऊन त्यांच्या शेजारी बसून काय काय दिसतंय ते सांगत होते. पाऊण तास लागला. वाळूत पोचलो तसा लाटांचा आवाज यायला लागला.

सिस्टर बराच वेळ ऐकत राहिल्या. "ही ओहोटी लागलीय," म्हणाल्या. "होडी आहे काय गो तिथे?"

होती एक. "आहे," मी म्हणाले.

"मग बसा सगळे."

ती होडी नुसती देखाव्याची होती. तिच्यात बसता येत नव्हतं, माणसं तिच्यातून आरपार जात होती. मी काही बोलणार एवढ्यात माईकवर बेड चारचा आवाज आला. "बसलो, सिस्टर." मग बेड अकरा म्हणाला, "बसलो." मग बेड सहा. एकामागून एक सगळे म्हणाले. पडद्यावर चाळीसेक माणसं वाळूत नुसती उभी होती.

"आणि वल्हं कोण मारतंय?"

सिस्टरनी मान माझ्याकडे वळवली. त्यांना मी कडेने तेवढी दिसत असणार.

"मी," मी म्हणाले.

"मग बेताने मार," सिस्टर म्हणाल्या, आणि खुर्चीला पाठ टेकून बसल्या. त्यांना खुर्चीत पाठ टेकून बसलेलं मी तेव्हाच बघितलं. चार वाजून गेले तरी त्या उठल्या नाहीत.